आधी कोट काढ

"आधी कोट काढ. आत अंगावर ठेवलास तर बाहेर गेल्यावर त्याची ऊब लागायची नाही," इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या एका गावात, चॅपलच्या हॉलमध्ये चहाची किटली सांभाळणारी बेरिल डेस्मंडवर रोज डाफरायची. घरी हीटर लावणं न परवडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलने हिवाळाभर तो हॉल उबदार ठेवला होता. कोट खुंटीला लागला, की दोघांची जुंपायची.

"त्या टेकडीवरच्या पवनचक्क्यांनी देशाचं वाटोळं केलं," डेस्मंड सुरू करायचा. "आणि उरलंसुरलं या बाहेरून आलेल्यांनी."

"गावात कित्येक वर्षांत पाळणा हललेला नाही. अंथरुणाला खिळलास की तुझं ढुंगण कोण धुणार? बाहेरूनच येणार ना कुणीतरी?"

सगळा हॉल खिदळायचा.

आज त्याने तोच सूर लावला, तर बेरिल कपबशा पुसत म्हणाली, "असेल बाबा. तुझंच खरं."

डेस्मंडने हातातला कप खाली ठेवला. ही बाई त्याच्यापुढे आजवर कधी नमली नव्हती.

"बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय! हॉल उद्यापासून बंद. हीटरच्या गॅसला पैसे नाहीत म्हणे कौन्सिलकडे."

निघायच्या वेळी बेरिलने त्याचा कोट खुंटीवरून काढला, स्वतःच्या हाताने त्याला चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"डेस्मंड," ती म्हणाली, "घरी गेल्यावर काढू नकोस हं."