कॅसेटवाला गेम

"हल्लीच्या गेममध्ये जीवच नाही!" वृंदाचा थोरला भाऊ श्रीरंग तिच्या टीव्हीला जुना कॅसेटवाला गेम जोडत सकाळपासून हेच ऐकवत होता. "आपण दोघं काय खेळायचो तेव्हा!"

लेकीबरोबर रोज नवे गेम खेळणाऱ्या वृंदाच्या डोक्यात तिडीक गेली.

"आपण? खेळायचास तू. मी शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. माझी पाळी आली, की आई जेवायला हाक मारायची."

श्रीरंगने गेमचा रिमोट मुकाट्याने तिच्या हातात दिला.

तिने बटण दाबलं. पडद्यावरचा बाहुला दोन उड्या मारून पहिल्याच खड्ड्यात पडला. सवयीने श्रीरंगचा हात पुढे आला. "आण इकडे, मी दाखवतो."

"हात मागे घे, दादा!" रिमोट छातीशी धरत वृंदा ओरडली. "आज मला पोटभर हरू दे."