उशीखालचा उजेड

"शाल कसली, बर्फाची लादी आहे मेली!" सोफ्यावर आडव्या झालेल्या इंदुमतीबाई पुटपुटल्या.

मघाशी दंडात किरणोत्सारी औषध टोचलं होतं आणि ते अंगात कुठवर पोचलं, हे आता पोटावरच्या शालीवर उजळत होतं. घरोघरी अशा शाली आल्यापासून लोक एकमेकांची मूत्रपिंडं बघायला चहाच्या वेळी येत. आज व्याही आले होते.

"वा विहीणबाई! अगदी काजूगरासारखी दिसतात हो!"

सून अनघाने लाजेकाजेस्तव शालीच्या खालच्या भागावर उशी ठेवली होती.

फोनमधून बघणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "लघवी वाढवायचं औषध देऊनही डावं मूत्रपिंड रिकामं होत नाहीये. वाट अडलेली दिसते. असंच राहिलं, तर उद्या ऑपरेशन."

अनघा रडवेली झाली. व्याह्यांनी बशी खाली ठेवली.

इंदुमतीबाईंनी गुडघे आणखी घट्ट जुळवले. एसटीत कंडक्टर असताना प्रवाशांसाठी त्यांनी वाटेल तिथे घंटी मारून गाडी थांबवली होती, स्वतःसाठी कधीच नाही. पुढच्या स्टँडपर्यंत दम धरायचा, हे अंगातच मुरलं होतं. पण खालची टाकीच गच्च भरली, तर वरचं पाणी उतरणार कुठे?

त्यांनी उशी बाजूला सारली. खाली उजेडाचा टम्म फुगलेला गोळा लखलखत होता.

"ऑपरेशन राहू द्या," त्या कंडक्टरच्या आवाजात गरजल्या. "व्याहीबुवा, वाटेतून सरका. मला लघवीला जायचंय!"