कांजिण्या कोणी आणल्या?

"वन्संनीच आणल्या या कांजिण्या!" दवाखान्यात माझी सून कडाडली. "बाळंतपणाला आल्या आणि माझ्या पोराला हा आहेर केला." माझी लेक फोडांनी भरलेल्या भाच्याला मांडीवर थोपटत होती.

"या ताई कधी आल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार दिवस झाले."

"मग उगाच त्यांच्या नावाने खडे फोडू नका. लागण झाल्यावर फोड उठायला दोन आठवडे लागतात."

"ऐकलंस? आता तरी जीभ आवर," मी सुनेला सुनावलं.

डॉक्टरांनी मात्र घाईने पोराला लेकीच्या मांडीवरून उचललं. "तुम्हाला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्यात?"

"नाही."

"आणि दिवस कधी भरतात?"

 

"दोन आठवड्यांनी."