रविवारचा वस्तरा

न्हाव्याने कपाटातून वस्तरा काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासायला लागला. त्याच्या मागोमाग चर्चमधून आलेली बायको दारातच थबकली.

"अहो, आज रविवार आहे!"

"माहीत आहे."

रविवारी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हा त्या घरातला त्याच्या वडिलांपासूनचा नियम. एकदा ऐन लग्नाच्या सकाळी दाराशी आलेला नवरदेवसुद्धा तसाच परत गेला होता. त्याच्या लग्नाच्या फोटोत दाढीचे खुंट अजून दिसतात.

"पाळकसाहेब काय म्हणाले आज?" न्हावी म्हणाला. "ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय. धाकापोटी जगू नका. मन कशाकडे ओढ घेतंय ते बघा, आणि त्या ओढीत माया आहे का, तेही बघा."

"म्हणजे रविवारी दुकान उघडणार?" बायकोचा चेहरा उजळला.

"दुकान कुठलं! समोरच्याकडे चाललोय."

बायको मटकन खुर्चीत बसली. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा न्हावी. अलीकडच्या या न्हाव्याच्या वस्तऱ्याने लोणीसुद्धा कापलं जात नाही, असं तो वीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आला होता. गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. दुकान बंदच होतं.

"आज चर्चमध्ये दोन बाकं पुढे बसला होता. मागे वळला तेव्हा दिसलं, डाव्या हाताने दाढी केलेली. गालावर तीन ठिकाणी कापलंय, हनुवटीखाली सगळं तसंच. आधी वाटलं, बरी खोड मोडली. मग बघतो तर माझाच हात शिवशिवतोय. प्रार्थनेत लक्ष कसं लागणार?"

"आणि त्याने हाकलून दिलं तर?"

"तर येईन परत."

वस्तरा आणि साबण पेटीत टाकून त्याने रस्ता ओलांडला.

समोरच्याने दुकानाचं दार अर्धंच उघडलं. न्हाव्याच्या हातातली पेटी बघितली.

"मजा बघायला आलास?"

"चर्चमध्ये तेच मनात आलं होतं. आता नाही."

"रविवारी वस्तरा धरतोस? वर गेल्यावर वडिलांना काय सांगशील?"

"त्यांचीही दाढी करून देईन."

समोरच्याच्या तोंडाचा एकच कोपरा हलला. दार सोडून तो आत गेला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. आपल्याच दुकानात त्या खुर्चीत बसायची त्याची ही पहिली वेळ असावी, कारण मान कुठे टेकायची ते त्याला समजेना.

न्हाव्याने साबणाचा फेस केला. तिन्ही जखमा चुकवत गाल साफ केले. हात असे चालत होते की जणू वडीलच शेजारी उभे राहून बघताहेत आणि खूश आहेत. त्याला फार बरं वाटत होतं.

मग राहिला गळा. न्हावी थांबला. समोरच्याची नजर पात्यावर होती. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली.

समोरच्याने डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

पातं हनुवटीखालून सरसर खाली उतरलं.

"कापेल हं लोणी," समोरचा डोळे न उघडता म्हणाला.