साहेबाच्या चित्रातली वीणा

सावळेरामबाबांचे पाय लटपटत होते, पण वीणा खाली ठेवायची सोय नव्हती. सप्ताहाचे सात दिवस ती जमिनीला टेकत नाही; एकाच्या गळ्यातून उतरते, ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बाबांचा पहारा सकाळी दहाला संपायचा, आता साडेअकरा झाले होते. पुढचा विणेकरी दादाभाऊ, त्याची एसटी कळंबच्या पुढं बंद पडलेली. बाकीचे गडी चाकणला कामावर. देवळात दोघंच, बाबा आणि टाळ धरलेली त्यांची सून अंजना.

"आबा, द्या माझ्याकडं. पडाल."

"बाईच्या गळ्यात वीणा? आपल्या गावात कधी व्हतं का असं?" बाबांनी हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. "त्ये बघ. दीडशे वर्सांची रीत हाय."

भिंतीवर नवी फ्रेम होती. कुण्या गोऱ्या साहेबानं तैलरंगात रंगवलेलं त्यांचं जुनं गाव. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नातू सुदर्शनला ते चित्र विलायतेतल्या एका संग्रहालयाच्या वेबसाइटवर सापडलं. मंचरला मोठं छापून घेऊन त्यानं ते काल देवळाला दिलं. हिरवी भातखाचरं, घोड नदी, काठावरचं देऊळ, आणि देवळापुढं बोटाच्या पेराएवढं एक माणूस, खांद्याशी भोपळा धरून उभं. काल बाबांनी सगळ्या गावाला जवळ बोलावून ते दाखवलं होतं. "ह्यो आपला विणेकरी," असं त्यांनी एकेकाला बोट ठेवून सांगितलं होतं.

टाळ वाजवतच अंजना फ्रेमजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"आबा, ह्या माणसाला अंबाडा हाय. आन् लुगडं."

बाबा वीणा सावरत आले. चष्मा वर सरकवून चित्राला नाक लागेस्तोवर वाकले. हिरवं लुगडं. अंबाड्यावर पांढरा ठिपका, फूल असावं. मुखातलं नाम सुटलं नाही, पण आवाज बारीक झाला.

अंजनाला त्यांची दया आली. "वीणा नसंल ती," ती हळूच म्हणाली. "बाई नदीवरनं पाणी आणत असंल. भोपळ्यातनंच आणायच्या की तवा. त्यो विणेकरी न्हाई, ह्ये गावाला कोण सांगतंय? मी तर न्हाई सांगणार."

बाबा चित्रातल्या बाईकडं बघत राहिले. मग सुनेकडं वळले.

"वीणाच हाय ती," ते म्हणाले. "मान पुढं कर."