किती वर्षांचं धरायचं?

"आधी एक सांगा, किती वर्षांचं धरू?" कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं आणि खिशातून पेन काढलं.

प्रश्न साधाच होता. सर्व्हर काठोकाठ भरला होता आणि नव्या डिस्क किती वर्षं पुरतील अशा घ्यायच्या, ते ठरवायचं होतं. गेले चार दिवस नव्या पावलाचं माप साठवायचं तर आधी जुनं काहीतरी हलवावं लागे, आणि त्यात पुतणीच्या नाकी नऊ आले होते. ज्यांच्या पायाला दुकानातले बूट होत नाहीत, त्यांच्यासाठी इथे बूट बनत. काका बूट शिवत, पुतणी पावलांचे स्कॅन घेई. प्रत्येकाच्या चालण्याचा व्हिडिओ मात्र काका स्वतः काढत, आणि कॅमेरा बंद करायला हमखास विसरत. त्यामुळे दोन मिनिटांच्या चालण्यामागे पाऊण तासाच्या गप्पाही जपून ठेवलेल्या असत.

"तीन वर्षांचं धरा," काका म्हणाले. "सगळ्यात लहान डिस्क द्या. आणि जुनं सगळं पुसून टाकू. कोण येतंय परत?"

पुतणीनं मान वर केली. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरची पावलंच पावलं, प्रत्येकाच्या टाचेवर नाव. गेल्या वर्षी तिनं त्यातली दोन फुटकी पावलं कचऱ्यात टाकली होती. काकांनी ती उचलून आणली, चिकटवली आणि दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. त्यातला एक माणूस वारला होता, असं तिनं सांगून पाहिलं. "माणूस गेला, पण पाऊल बघ किती छान होतं," एवढंच काका म्हणाले होते. असा माणूस आज सगळं पुसायला निघाला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

कॉम्प्युटरवाल्याला त्याचं काय! त्यानं भराभर लिहायला घेतलं. "मग दोन टीबीच्या दोन डिस्क पुरतील. एकीवर जे जाईल ते दुसरीवर आपोआप उतरेल. एक बंद पडली तरी काम अडायचं नाही. फक्त दोन्ही एकाच खोक्यातल्या घ्यायच्या नाहीत. एकत्र बनलेल्या बरेचदा एकदमच मान टाकतात."

काकांनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांचा अंगठा हातातल्या चामड्याच्या तुकड्यावरून उगाच फिरत होता.

"काका, तीनच वर्षं का?"

"मला आताशा सुईचं भोक दिसत नाही."

"ओवून देते की मी."

"तू असशील तोवर."

पुतणीला उलगडा झाला. "तुम्ही माझं पत्र वाचलंत?"

"वाचलं नाही. पाकिटावर हॉस्पिटलचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय."

"सुईचं भोक दिसत नाही, पाकीट बरं दिसलं."

काका हसले नाहीत. "जा तू. त्यांच्याकडे मोठी मशीन्स आहेत, माणसं आहेत. इथे माझ्याबरोबर बुटांना चिकटपट्ट्या लावत बसण्यात काय अर्थ आहे? मी तीन वर्षांत हळूहळू आवरतं घेतो. मला काही वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार नाही हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. पुतणीला त्यांचा राग आला. पत्र आठ दिवस तिच्या पिशवीत होतं. जावं की राहावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. नोकरी खरंच चांगली होती.

"म्हणजे दोन टीबीच लिहू ना?" कॉम्प्युटरवाल्यानं अवघडून विचारलं.

"थांबा जरा." ती काकांकडे वळली. "आपल्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात लहान कोण?"

"ती चिमणी. लाल बूटच पाहिजेत म्हणून परवा भोकाड पसरलेली."

"किती वर्षांची?"

"तीन."

"आणि पाऊल कुठवर वाढतं?"

पायांचा विषय निघाला की काकांना राहवत नसे. "मुलींचं साधारण पंधरापर्यंत. पण हिचा डावा पाय मागे पडतोय. शेवटपर्यंत लक्ष ठेवायला लागेल. दर सहा महिन्यांनी माप घ्यायचं, चालणं बघायचं. आणि पहिल्यापासूनची मापं समोर नसतील तर काही कळायचं नाही, तो पाय नेमका कुठे..." काका बोलता बोलता थांबले.

"बारा वर्षांचं धरा," पुतणी कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली. "आणि पुसायचं काहीही नाही. गप्पासुद्धा नाहीत."

काकांनी चामड्याचा तुकडा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"नीट विचार कर," ते म्हणाले.

"आठ दिवस तेच करत होते."

कॉम्प्युटरवाल्यानं आधीचं खोडलं. "मग आठ टीबीच्या दोन. आणि दिवसरात्र चालणाऱ्या घ्या, साध्या नकोत. पण ताई, खरं सांगतो, कुठलीच डिस्क बारा वर्षं टिकेल असं धरून चालू नका. पाच-सहा वर्षं झाली की बदलायच्या. बंद पडायची वाट बघायची नाही." त्यानं काकांकडे पाहिलं. "तेव्हा आठवण ठेवून मला बोलवायला कुणीतरी पाहिजे, साहेब."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"ही आहे ना," ते म्हणाले.