बोटांचा वास

"दाखव हात!" शैलानं लेकीला दारातच अडवलं. दहावीतली पोर पंक्चरचं सोल्युशन हुंगताना सापडली, तेव्हापासून शाळेतून आल्यावर हा रोजचाच नियम होता.

"व्यसन आणि नैराश्य, दोन्हींवर एकदमच उपचार हवेत," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शैलानं नैराश्याच्या गोळ्या कपाटात कोंबल्या आणि लेकीला सुनावलं, "दोन वेळा गिळायला मिळतंय, तुला कसलं आलंय नैराश्य? आधी ही थेरं बंद कर!"

"घे, हुंग!" लेकीनं बोटं तिच्या नाकाशी खुपसली.

शैलानं कसून वास घेतला. सोल्युशनचा वास नव्हता. जिंकल्याच्या तोऱ्यात ती हात सोडणार, तोच चपापली. श्रावण संपला म्हणून आज डब्यात बांगड्याचं तिखलं दिलं होतं. दोनदा साबण लावला तरी तो वास संध्याकाळपर्यंत बोटांवरून हलत नाही. आणि या बोटांना तोही वास नव्हता.

तिनं दप्तरातून डबा ओढून काढला. रोजच्यासारखाच रिकामा होता.

"कुठं ओतलंस?"

"गटारात. रोज तिथंच ओतते. घास गिळवत नाही मला," हात सोडवून घेत लेक म्हणाली. "पण तू महिनाभर नुसती बोटंच हुंगत बसलीस."